बर्फावरची फळी आणि पायातला बूट



आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. आपल्याकडे गारा पडतात, पण डोंगर पांढरे होतील असा बर्फ काही पडत नाही. तरीही हा विषय निवडला, त्याला दोन कारणे आहेत. एक असे, की आपल्याच खेड्यापाड्यांतून शिकलेली मुले आज नोकरीनिमित्त म्युनिक, झुरिक अशा आल्प्स पर्वताजवळच्या शहरांत राहतात आणि हिवाळ्यात सुटीच्या दिवशी या खेळाला जातात. दुसरे असे, की या खेळाचे सामान निवडण्याचा जो हिशोब आहे, तो आपल्या शाळेतल्या त्रिकोणमितीतला आहे. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना तो वर्गात उपयोगी पडेल.

स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचे साधन. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणे तयार केले. पुढे त्यातूनच हा खेळ वाढला आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथे तो हिवाळी ऑलिंपिकमध्ये दाखल झाला.

या खेळाची एक जात आहे, तिला अल्पाइन कार्व्हिंग म्हणतात. कार्व्हिंग म्हणजे कोरणे. साधा खेळाडू वळताना फळी आडवी करून बर्फ खरवडत जातो. रानात फळी मारावी, तसा रुंद पट्टा मागे उमटतो. कार्व्हिंग करणारा फळी कलती करून तिच्या पोलादी कडेवर उभा राहतो. ती कड बर्फात रुतते आणि मागे बैलगाडीच्या चाकोरीसारखी एकच बारीक, गोलाईदार रेघ उरते. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस आता आडवाच झाला. पण तो पडत नाही, वळून पुढे जातो.

हे साधायचे तर सामान बेताचे हवे. आणि इथेच गल्लत होते. नवा माणूस दुकानात शिरला, की त्याचे लक्ष आधी फळीकडे जाते. फळी लांबलचक, रंगीत, झगझगीत. बूट काय, कुठलेही चालतील! म्युनिकला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने असेच केले. जाहिरात वाचून त्याने शर्यतीची जुनी फळी स्वस्तात घेतली. बूट घेतले, ते आपल्या घरच्या रीतीने, वाढत्या मापाचे! आपण शाळेच्या आरंभी मुलांना एक माप मोठी वहाण घेतो ना, तसे. पहिल्याच दिवशी बुटात टाच उचलली गेली, फळी त्याच्या मनाप्रमाणे कलेना, आणि शेवटी जोरात पडून गुडघा दुखावला. सहा आठवडे कुबड्या घेऊन तो कचेरीत जात होता. या बांधण्या स्कीच्या बांधणीसारख्या पडताक्षणी सुटत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. म्हणून सांगतो, निवड पायापासून करावी.

पायापासून म्हणजे कशी? तर आधी पाऊल मोजावे. भिंतीला टाच लावून उभे राहावे आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यावे. दोन्ही पावलांचे घ्यावे, कारण ती क्वचितच सारखी असतात. या बुटांची मापे याच सेंटिमीटरमध्ये असतात. बुटाचे दोन भाग असतात : बाहेर प्लास्टिकचे ताठ कवच आणि आत मऊ अस्तरी बूट. आतला बूट बाहेर काढावा, नुसत्या कवचात पाऊल घालावे, बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा राहते ते पाहावे. एक ते दोन सेंटिमीटर, म्हणजे एखाद-दुसरे बोट जाईल एवढी जागा असावी. त्याहून अधिक असेल, तर तो बूट आपला नव्हे. मग आतला बूट घालून, एकच पातळ मोजा चढवून, बकले लावावीत. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरावीत. टाच मात्र उचलली जाता कामा नये.

बूट ताठ का लागतो, तेही समजून घेऊ. साध्या स्नोबोर्डवर पावले जवळजवळ आडवी असतात; टाचेवर किंवा चवड्यावर भार दिला, की फळी कलते. कार्व्हिंगची फळी अरुंद असते. साधी फळी कमरेपाशी सुमारे २५ सेंटिमीटर रुंद, तर ही १८ ते २२. अरुंद फळी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जाते. पण तिच्यावर पावले आडवी मावत नाहीत. ती पुढच्या दिशेला ५० ते ६५ अंशांत वळवावी लागतात. अशा पवित्र्यात भार बाजूने, नडगीने द्यायचा असतो, आणि तो जसाच्या तसा कडेपर्यंत पोचवायला कवच ताठच लागते. मात्र ताठपणालाही मर्यादा आहे. हलक्या अंगाच्या किंवा नवशिक्या माणसाने विजेत्याचा पोलादासारखा बूट घेतला, तर त्याचा घोटा वाकतच नाही, आणि बर्फातला प्रत्येक धक्का थेट गुडघ्याला जातो. नव्याने थोडा लवणारा बूट घ्यावा.

बूट ठरला, की फळीची रुंदी जवळपास आपोआप ठरते. बूट बांधणीत बसवून पाहावा. चवडा किंवा टाच कडेच्या बाहेर आली, तर फळी फार कलली असता तोच भाग बर्फाला टेकतो, कड उचलली जाते आणि माणूस भिरकावला जातो. यावर उपाय दोनच : पावलांचा कोन वाढवा, नाहीतर अधिक रुंद फळी घ्या. मोठ्या पावलाच्या माणसाने फॅशन म्हणून अगदी अरुंद फळी घेणे म्हणजे मुद्दाम पडणे.

आता फळीचा घाट. ही फळी दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये किंचित बारीक असते. तिची कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडाच. त्या वर्तुळाची त्रिज्या कारखानदार सांगतो. शिक्षकहो, एक प्रयोग करा. एक जाड कागद घेऊन त्याची एक लांब बाजू आत किंचित गोलाईने कापा. तो कागद टेबलावर कलता धरला, तर टोके टेकतील, मधला भाग अधांतरी राहील. बोटाने मध्ये दाबा. कागद वाकेल आणि टेबलावर कमानीची रेघ होईल. बर्फावर तेच घडते. फळी जितकी अधिक कलते, तितकी ती अधिक वाकते आणि वळण लहान होते. हिशोब सोपा आहे : फळीच्या त्रिज्येला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणा. त्रिज्या १० मीटर आणि कल ६० अंश असेल, तर कोसाइन अर्धा, म्हणून वळण ५ मीटर त्रिज्येचे.

याला सायकलचा नियम जोडा. वेग वाढला, की वळणावर अधिक झुकावे लागते. दोन्ही हिशोब एकत्र केले, तर ठोकळ मानाने असे दिसते, की १० मीटर त्रिज्येची फळी ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास आपली मर्यादा गाठते, तर २० मीटरची फळी ताशी ५० किलोमीटरच्या. प्रत्यक्षात उतार आणि बर्फाचा मऊपणा यांनी फरक पडतो, पण सार तेच. लहान त्रिज्या सावकाश जाणाऱ्याला, मोठी वेगाने जाणाऱ्याला. शर्यतीतली पुरुषांची जायंट स्लालमची फळी १८५ सेंटिमीटरच्या घरात असते. ती कमी वेगात वळायलाच तयार नसते. माझ्या विद्यार्थ्याकडे होती ती हीच! नव्या प्रौढ माणसाला १६० ते १७० सेंटिमीटरची, १० ते १२ मीटर त्रिज्येची फळी पुरे. वजन अधिक असेल, तर फळी थोडी कडक घ्यावी. कमी असेल, तर नरम. हे सामान आता साध्या दुकानांत कमी मिळते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या डोनेकसारखे थोडे कारखाने मागणीप्रमाणे फळी करून देतात, आणि असा कारागीर गिऱ्हाइकाचे वजन नि बुटाचे माप जाणून घेतल्याशिवाय कामाला हात घालत नाही, हे ध्यानात घ्या.

जुने सामान घ्यायचे असेल, तर तीन गोष्टी तपासाव्यात. कडेचे पोलाद झिजून फार बारीक झाले आहे काय. थर सुटले आहेत काय. आणि फळी कायमची वाकली आहे काय. अनेक फळ्यांत टायटॅनल नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा असतो, तो फळीची थरथर शोषतो, पण एकदा दुमडला की सरळ होत नाही. बूट मात्र फार जुने घेऊच नयेत. प्लास्टिक नुसते पडून राहिले, तरी वर्षांनी कडक होते आणि ऐन उतारावर तडकते.

चेक प्रजासत्ताकाच्या एस्तेर लेडेत्स्का हिने २०१८ साली कोरियातील प्याँगचांग येथे एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीचे आणि स्नोबोर्डचे, अशी दोन सुवर्णपदके मिळवली. पाय तेच, पण दोन खेळांची पायताणे वेगळी, फळ्या वेगळ्या. तिचे सामान तिच्या अंगाला आणि तिच्या वेगाला बेतलेले. ते आपल्याला जमेल, असे समजू नये.

तेव्हा परदेशी असलेल्या मुलाला, भाच्याला पत्र लिहाल किंवा फोन कराल, तेव्हा एवढे जरूर सांगा : आधी पाऊल, मग बूट, मग कोन, मग रुंदी, मग त्रिज्या, आणि लांबी सर्वांत शेवटी. पैसे कमी असतील, तर फळी जुनी घे, पण बूट आपल्या मापाचाच घे.