हिशेबाची वही
(मारेगांव, जि. यवतमाळ येथें शेतकरी व होतकरू धंदेवाले यांच्यापुढें केलेलें भाषण)



धंदा करावा, असा उपदेश हल्लीं सर्वच करितात. भांडवल कोठून आणावें, हेंही पुष्कळ जण सांगतात. परंतु आलेला पैसा गेला कोठें, हें आपल्या धंदेवाल्यास सांगतां येत नाहीं, या रोगाविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. आम्ही त्याविषयींच बोलणार आहों, कारण तो रोग आम्हांसही जडला होता.

तरुणपणीं आम्हीं एका बाजारगांवीं किराण्याचें दुकान घातलें. माल खपे, गल्ला भरे, लोक नांव घेत. घरांत लग्न निघालें, गल्ल्यांतून पैसे काढले. बैल घेतला, तोही गल्ल्यांतूनच. सोयऱ्यांस उधार दिलें तें लिहिण्याची लाज वाटली; आपलेच लोक, लिहावयाचें काय! तिसऱ्या वर्षीं ठोक व्यापाऱ्याचा माणूस दारांत येऊन बसला, तेव्हां कळलें कीं दुकान चालत होतें, धंदा चालत नव्हता. दोष आमचाच. त्यानें पैपैचा हिशेब दाखविला. आमच्याजवळ दाखविण्यास वहीच नव्हती.

वहीविषयीं आपल्या लोकांच्या मनांत जुना राग आहे, आणि तो अकारण नाहीं. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे व वह्या काढून जाळल्या, व तो वणवा पुणें-नगर भागांत पसरला. 1879 सालीं सरकारास शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीं कायदा करणें भाग पडलें. ज्या कागदावर आपला अंगठा आहे तोच वाचतां येत नाहीं, मग तो जाळण्यावांचून माणसानें करावें तरी काय?

परंतु त्याच काळांत पुण्यास दुसरा मार्ग दाखविणारा एक पुरुष होता. जोतीराव फुले यांच्या शाळा आपणांस ठाऊक आहेत. त्यांचा धंदा पुष्कळांस ठाऊक नाहीं. 1863 सालापासून ते ओतकामाचें साहित्य पुरवीत. पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे ते भागीदार होते, आणि कात्रजच्या बोगद्यासारखीं कामें त्यांच्या हातून झालीं. कंत्राट म्हणजे दर आधीं सांगावयाचा व काम मागून करावयाचें. ज्याचा हिशेब कच्चा, तो पहिल्याच कामांत बुडावयाचा. 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा करणारा पुरुष असा हिशेबी होता, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

आतां आपल्या कपाशीकडे येऊं. एक क्विंटल कापूस रेचला म्हणजे सुमारें 33 ते 35 किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. सरकीचें तेल निघतें आणि ढेप राहते. 170 किलोच्या एका गांठीस सुमारें पांच क्विंटल कापूस लागतो. जिनिंगवाला तुमच्या गाडींत हात घालतो, तेव्हां त्याच्या डोक्यांत रुईचा उतारा, धाग्याची लांबी, सरकीचा भाव व घट हें सर्व फिरत असतें. आपल्या डोक्यांत एकच आंकडा, आणि तोही त्यानेंच सांगितलेला! आम्ही त्यास नांवें ठेवीत नाहीं. त्याला त्याचा धंदा येतो.

ओलाव्याचेंच पाहा. सरकारी खरेदींत 8 टक्के ओलावा हें प्रमाण आहे. त्यापुढें टक्क्यागणिक भाव कापतात आणि 12 टक्क्यांवर माल घेतच नाहींत. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये धरा. 12 टक्के ओल्या कापसास क्विंटलमागें सुमारें 324 रुपये कमी पडतात. वीस क्विंटलांस ही कपात साडेसहा हजारांच्या घरांत जाते. चुकारा हातीं पडल्यावर ही कपात कोणाच्या वहींत लिहिलेली असते?

व्याजही असेंच. ‘महिना शेकडा तीन’ हे शब्द कानास हलके लागतात. वर्षाचे ते शेकडा 36 होतात. लाखावर छत्तीस हजार! उलट, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाच्या सवलत योजनेंत तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडल्यास व्याज शून्यावर येतें. मुदत चुकली कीं सवलत गेली. ती तारीख भिंतीवर कोळशानें लिहून ठेवा, पण लिहा.

कित्येक तरुण म्हणतील, आम्ही मिळून जिनिंग काढूं, डाळमिल काढूं. अवश्य काढा. कंपनी कायद्यांतील 2002 सालच्या दुरुस्तीपासून दहा शेतकऱ्यांसही उत्पादक कंपनी करतां येते. मात्र दहा घरें एकत्र आलीं म्हणजे एका वहीवर दहा जणांचे डोळे पाहिजेत. जेथें एकानेंच लिहावयाचें व नवांनीं विश्वास ठेवावयाचा, तेथें पैशापायीं गांवांत भाऊबंदकी शिरते.

वही लिहील कोण, असें विचारूं नका. बचतगटाच्या बाया दर महिन्यास शंभर-दोनशेंचा हिशेब चोख ठेवितात, आणि त्याच घरांतील कर्त्या पुरुषास आपल्या पऱ्हाटीस एकरीं काय खर्च आला तें सांगतां येत नाहीं! त्यांनाच विचारा. आज घरीं जाऊन दोन वह्या करा, एक घराची व एक धंद्याची. धंद्यांतून घरास पैसा न्याल तो पगार म्हणून लिहा, आणि घरच्या माणसांची मजुरीही खर्चांत धरा. सोयऱ्याची उधारी त्याच्यासमोर लिहा. तो रागावला तर रागावो.

पुढल्या वर्षीं कापूस घरांत आल्यावर आपण पुन्हां बोलाविलें तर आम्ही येऊं. त्या वेळीं भाषण करणार नाहीं. आपल्या वह्या पाहूं.