नागपूर किती तासांवर?

मुंबईहून नागपूर किती लांब, असं विचारलं की जुना वैदर्भीय माणूस किलोमीटर सांगत नसे. तो म्हणे, "एका रात्रीचा प्रवास!" रेल्वेनं हे अंतर सुमारे 840 किलोमीटर भरतं, कारण गाडी मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घेते. विमानाची सरळ रेषा मात्र 680 किलोमीटरच्या आसपास.

समृद्धी महामार्ग या सरळ रेषेच्या बराच जवळ गेला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. लांबी 701 किलोमीटर. तेव्हापासून "आठ तासांत नागपूर" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं.

पण श्रोतेहो, हे आठ तास कुठून कुठवरचे? आमणे भिवंडीजवळ आहे. दादरहून निघणाऱ्यानं तिथवरचा तास-दीड तास वेगळा धरायचा. आणि 701 ला आठनं भागलं, तर सरासरी ताशी 88 किलोमीटर येते. त्यात चहा नाही, जेवण नाही, मुलांचं "बाबा, गाडी थांबवा" तर नाहीच नाही. हे सगळं धरलं, की दहा-अकरा तास होतात.

विमानाचा हिशेबही असाच फसवा. हवेत दीड तास. पण घर ते विमानतळ, दोन तास आधी पोहोचणं, सामानाची वाट बघणं हे मिळवलं, की साडेपाच तास सहज जातात. तरी निम्मा वेळ वाचतो, हे खरं. (नागपूरचं आकाश तसं जुनं गजबजलेलं. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा चारही महानगरांची विमानं मध्यरात्री इथंच थैल्यांची अदलाबदल करत.)

मात्र मेहकरच्या माणसाला या विमानाचा उपयोग काय? नागपूरचा विमानतळ त्याला उलट्या दिशेला. परळच्या टाटा रुग्णालयात रुग्णाला न्यायचं, तर त्याच्यासाठी रस्ताच खरा. चारशेहून अधिक किलोमीटर, पण मध्ये गाडी बदलणं नाही. माझ्या मते या रस्त्याचं मोल इथं आहे. मुंबई-नागपूर हे आकडे पाटीवर लिहिण्यापुरते.

काळजी वाटते ती रात्रीच्या प्रवासाची. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. एरवीही सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागायला क्षण पुरतो. रुग्णाला घेऊन निघालेलं कुटुंब तर आधीच जागरणानं थकलेलं असतं. सकाळी अकराची वेळ मिळाली असेल, तर मध्यरात्री निघण्याऐवजी आदल्या दिवशी उजेडात निघावं, जमल्यास दुसरा चालक बरोबर घ्यावा, दर दोन तासांनी गाडी थांबवावी. मुक्कामाचा खर्च वाढतो, हे मला कळतं. पण रुग्णही रात्रभर झोपलेला असतो, आणि डॉक्टरांचं बोलणं ऐकायला सोबतची माणसं जागी असतात.