रस्ता वळला तर?

आम्ही आपट्याच्या एका बचत गटातल्या बायका. गेल्या महिन्यात आम्ही अकरा जणी ट्रॅक्स भाड्याने करून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खंडाळ्यापर्यंत जाऊन आलो. देवदर्शनाला नव्हे, एका कर्जाचा निर्णय करायला.

आमच्यातल्या एका वहिनींना हमरस्त्यालगत पापड-लोणच्याचा पक्का गाळा घ्यायचा होता. त्यासाठी गटाची सगळी शिल्लक, साठ हजार रुपये, त्यांनी कर्जाऊ मागितली. निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या गप्प बसल्या. तेव्हा मावशी म्हणाल्या, "आधी रस्ता तर बघू या."

रसायनीवरून दांड फाट्याला जुना रस्ता लागला. पुढे चौक, खालापूर, खोपोली. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ आणि तळं पाहिलं. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, त्याच्याही आधीची ही जागा. घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी उतरलो. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्यांनीच त्याला मारलं, अशी कथा सांगतात. ड्रायव्हर आजही इथे नाणं वाहतात. आम्हीही वाहिलं. वर अमृतांजन पूल होता. एक्स्प्रेस वेच्या वाहतुकीला अडचण होते म्हणून तो एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, पाडला. इतका जुना दगडी पूल, पण रस्त्याची गरज बदलली आणि तो गेला.

परतताना एका चिक्कीवाल्या ताईंकडे चहा घेतला. त्या म्हणाल्या, "२००२ ला एक्स्प्रेस वे पुरा झाला नि गाड्या तिकडे वळल्या. आमची टपरी होती, उचलली आणि दुसरीकडे मांडली. शेजारचा गाळा पक्का होता, तो बंदच पडला." आता गिऱ्हाईक कोण, असं विचारलं. "मोटरसायकलवाले. त्यांना एक्स्प्रेस वेवर सोडत नाहीत ना!"

गाडीत वहिनी खूप वेळ बोलल्या नाहीत. आम्हालाही वाईट वाटत होतं. त्यांच्या मनात त्या गाळ्याची पाटीसुद्धा रंगवून झाली होती.

पुढच्या बैठकीत त्याच उठल्या. "मला पंधरा हजार द्या. घडीचं टेबल, मोठी छत्री आणि माल घेते. तीन महिन्यांचा हिशेब वहीत लिहून दाखवते. मग गाळ्याचं बोलू." ठराव एकमताने झाला. उरलेल्या पैशांतून दोघींना शाळेच्या फीसाठी कर्ज देता आलं.

पहिला हप्ता वेळेवर आला. विक्री कधी बरी, कधी थंड. पुढचं आम्हाला ठाऊक नाही. पण मैत्रिणींनो, मोठं कर्ज मंजूर करण्याआधी धंद्याच्या जागेवर सगळ्या जणी एकदा जाऊन या. तिथं वीस वर्षं बसलेल्या बाईला विचारा. गाडीभाडं गटाने भरावं. आमचं ते वसूल झालं.