लाइव्ह संपल्यावर काय उरतं?

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या गर्दीत कोण काय बोललं, हे पुढच्या पिढ्यांपर्यंत सांगोवांगीच पोचलं. आज त्याच पालघरच्या जिल्ह्यात कुठलीही सभा असो, कुणीतरी मोबाइल उंच धरून लाइव्ह करतंच. ग्रामसभा, बोईसरच्या कारखान्यांसमोरची कामगारांची गेट मीटिंग, सातपाटीच्या मच्छीमारांची बैठक, डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा, सगळं ‘लाइव्ह’ असतं. आणि एकदा लाइव्ह गेलं की ते कायमचं राहिलं, अशी बहुतेकांची समजूत असते.

ती समजूत आता महागात पडणारी आहे. १९ फेब्रुवारी २०२५पासून फेसबुकवरचं नवं लाइव्ह फक्त ३० दिवस राहतं, मग पुसलं जातं. जुन्या लाइव्हच्या मालकांना ती उतरवून घ्यायला ९० दिवसांची मुदत मिळाली होती. यूट्यूबवर १२ तासांपेक्षा लांब लाइव्ह आपोआप साठवलं जात नाही. जागर रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबला, तर तिथे काहीच न उरण्याची शक्यता असते.

जिल्ह्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराचंच बघा. १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला त्याची जनसुनावणी झाली. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेनुसार अशा सुनावणीचं संपूर्ण चित्रीकरण करावंच लागतं, म्हणजे मंडपातलं बोलणं सरकारदरबारी असतं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला भूमिपूजन झालं, तिथल्या त्यांच्या भाषणाच्या प्रती देशभर आहेत. पण अशा प्रसंगी मंडपाबाहेर, रस्त्यावर, किनाऱ्यावर बायामाणसं काय म्हणतात, ते एखाद्याच मोबाइलवरून गेलेल्या लाइव्हमध्ये असतं. त्याची दुसरी प्रत कुणाकडे नसते. जिल्ह्याच्या इतिहासासाठी आधी जपायला हवं ते हेच.

जपायचं म्हटलं की जागेचा प्रश्न येतो. सेकंदाला ३ मेगाबिट या दराने सहा तासांचं चित्रण ८ जीबीच्या पुढे जातं. कॅमेरा तिवईवर स्थिर असेल, समोर एकच वक्ता आणि मागे फलक असेल, तर हाच दर ६०० किलोबिटवर आणता येतो. फाइल पावणेदोन जीबीच्या आसपास बसते आणि चेहरा ओळखू येतो. कारण कॉम्प्रेशन प्रत्येक चौकट नव्याने साठवत नाही. आधीच्या चौकटीपेक्षा जे बदललं तेवढंच ठेवतं. फक्त भाषणाचा आवाज ओपस पद्धतीने २४ किलोबिटवर ठेवला, तर सहा तास ६५ एमबीत मावतात.

तारपा या फुंकवाद्यावर चालणारा तारपा नाच मात्र या हिशेबात बसत नाही. फेर सतत फिरत असतो, पायांखालची धूळ उडते, रात्रीच्या अंधुक उजेडात मोबाइलचं चित्र दाणेदार होतं आणि तो प्रत्येक दाणा कॉम्प्रेशनला नवा बदल वाटतो. दर कमी केला की नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत मिसळतात. तारप्याचा अखंड घुमणारा सूरही भाषणासाठी निवडलेल्या दरात फाटतो. अशा वेळी जशी मिळाली तशीच फाइल ठेवावी. प्रसारणात ती एकदा दाबली गेलेलीच असते. पुन्हा दाबताना गेलेला तपशील परत येत नाही.

उतरवण्यासाठी स्वतःच्या पेजवरून थेट डाउनलोड हा सरळ मार्ग. दुसऱ्याचं लाइव्ह असेल तर त्याच्याकडूनच फाइल मागून घ्यावी. छोट्या गावात तो माणूस ओळखीचाच निघतो. आकार कमी करायला हँडब्रेक किंवा एफएफएमपेग ही फुकट साधनं पुरतात. नको असलेला अर्धा तास काढायचा असेल, तर एफएफएमपेगमध्ये चित्र पुन्हा न दाबता नुसतं कापता येतं. मधे नेटवर्क तुटलं असेल तर ओठ आणि आवाज मागेपुढे होतात, म्हणून मूळ फाइल पुसण्याआधी नवी फाइल सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी चालवून बघावी.

नावात तारीख, गाव आणि प्रसंग असावा. शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवावी: कितव्या मिनिटाला कोण बोललं, ठराव कधी मांडला, तारपा कधी सुरू झाला. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. एक बोईसरला असेल तर दुसरी पालघरला चालेल.