संस्थेचे दप्तर



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत नाना विषय आपण ऐकता. त्या पंक्तीत अनुदानाच्या अर्जाला जोडावयाचे कागद हा विषय म्हणजे श्रीखंडाच्या वाढपात मिठाची वाटी फिरल्यासारखे वाटेल. पण पानात मीठ नसले की बाकीचे पक्वान्न कसे लागते हे आपण जाणताच. म्हणून आज थोडा वेळ ही वाटी आम्ही फिरवणार आहोत.

आपला वऱ्हाड हा संस्थांचा मुलूख आहे. १९१४ साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले. ही झाली मोठी नावे. त्यांच्यामागे अमरावती-अकोल्याच्या तालुक्यातालुक्यांतून कोठे वाचनालय, कोठे बालवाडी, कोठे मुलींचे वसतिगृह, कोठे गोरक्षण अशा कितीतरी लहान संस्था उभ्या आहेत. त्यांच्या कामात खोट नसते. खोट असते ती कपाटात. अर्ज करावयाची वेळ आली की कपाट उघडते आणि आत काहीच सापडत नाही.

यावर कार्यकर्त्याचे उत्तर ठरलेले असते. “आमाले काम करू द्या न बाप्पा, कागदं कायले पायजेत?” हा सवाल प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. गावातला किराणा दुकानदार वसतिगृहाला ज्वारीचे पोते देतो तेव्हा तो कागद मागत नाही. कारण ती मुले रोज त्याच्या दुकानावरून शाळेत जातात. त्याचे डोळे हीच त्याची पावती. पण मुंबईच्या विश्वस्तनिधीने किंवा दिल्लीच्या मंत्रालयाने धारणी पाहिलेली नाही आणि मूर्तिजापूरही पाहिलेले नाही. शिवाय तेथे बसलेला माणूस स्वतःच्या खिशातून देत नाही. तो दुसऱ्यांचा पैसा देतो आणि त्याचा जाब त्यालाही द्यावा लागतो. जो समक्ष येऊ शकत नाही त्याच्यापुढे आपल्या वतीने उभा राहणारा साक्षीदार म्हणजे कागद. साक्षीदार नसला तर खरा माणूसही खटला हरतो.

याच जिल्ह्याच्या मातीतले एक थोर उदाहरण आपल्यापुढे आहे. संत गाडगे महाराजांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, परंतु त्या स्वतःच्या नावावर ठेवल्या नाहीत. विश्वस्तांच्या हाती सोपविल्या. फुटक्या गाडग्यात भाकरी खाणाऱ्या त्या पुरुषाला एक गोष्ट पक्की कळली होती. लोकांच्या पैशाला लोकांचा हिशेब हवा. अक्षर न येणाऱ्याला जे उमगले, ते पदवीधर चिटणिसांना उमगू नये काय?

आता अर्जाला जोडावयाच्या कागदांकडे वळू. यादी कितीही लांब दिसली तरी देणारा मुळात चारच गोष्टी विचारीत असतो. तुम्ही कोण? कारभार कोणाच्या हाती? पैसा आला कोठून, गेला कोठे? आणि काम खरोखर झाले काय?

‘तुम्ही कोण’ याचे उत्तर नोंदणीच्या दाखल्यात असते. आपल्याकडील बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात आणि त्यांना धर्मादाय कार्यालयाचा सार्वजनिक न्यास म्हणून वेगळा क्रमांकही असतो. वऱ्हाडातील जुन्या संस्थांची येथे एक विशेष अडचण आहे. हा प्रदेश १९५६ साली मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम इकडे त्या स्थित्यंतरानंतर लागू झाला. पुढे त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले. त्यामुळे जुन्या संस्थेच्या कपाटात दोन राजवटींचे कागद असू शकतात. दाखल्यावर ‘सार्वजनिक वाचनालय’, बँकेच्या पुस्तकात ‘सार्वजनिक मोफत वाचनालय’ आणि पॅन कार्डावर तिसरेच नाव, असे झाले की देणारा थबकतो. नाव सर्वत्र अक्षरशः एक करून घ्यावे. तसेच घटना उघडून उद्देशांचे कलम वाचावे. उद्देशात केवळ शिक्षण असेल आणि आपण दवाखान्यासाठी पैसे मागत असाल, तर अर्ज कितीही सुबक असला तरी पहिल्याच पानावर अडेल.

दुसरा प्रश्न कारभाराचा, आणि आमच्या मते सर्वांत अधिक संस्था येथेच बुडतात. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावयाचा असतो. यालाच आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. पण गावोगावची कथा काय आहे? संस्थापक वारतात. शोकसभा होते, तसबीर लागते, नवा अध्यक्ष निवडला जातो. चेंज रिपोर्ट मात्र कोणी देत नाही. दहा वर्षांनी अनुदानाची संधी येते, तेव्हा सरकारी नोंदवहीत विश्वस्त म्हणून अर्धे स्वर्गवासी आणि अर्धे गाव सोडून गेलेले असतात. मग दोन गट पडतात, प्रकरण तारखांवर जाते, बँक सह्या मानीत नाही. भांडण मोठ्यांचे, पण वसतिगृह बंद पडते ते आठवीत शिकणाऱ्या मुलीचे. तिने कोणता कागद हरवला होता?

तिसरा प्रश्न पैशाचा. हिशेब ३१ मार्चला बंद करावेत आणि सहा महिन्यांच्या आत सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावेत. बहुतेक ठिकाणी मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागतात. तीन वर्षे म्हणजे काय? ज्याला पुढील चैत्रात अर्ज करावयाचा आहे, त्याने तयारी तीन चैत्रांपूर्वीच सुरू केलेली असावयास हवी. शिवाय आयकर खात्याची नोंदणी, लोक जिला ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ म्हणून ओळखतात, ती २०२१ पासून कायमची राहिलेली नाही. तिला मुदत असते आणि वेळेवर नूतनीकरण लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास लावले, पण त्या पैशासाठीही १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला केंद्र सरकारकडे वेगळी नोंद करावी लागते. परदेशातील देणगी तर २०१० च्या कायद्याखालच्या परवानगीवाचून घेताच येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम दिल्लीच्या स्टेट बँकेतील ठरलेल्या शाखेतच जमा व्हावी लागते. अमेरिकेतील भाचा कितीही उदार असो, त्याला आधी हे विचारावे!

चौथा प्रश्न कामाचा. येथे ग्रंथालयांचे उदाहरण बोलके आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदानाची वाट खुली झाली. २०१२ साली शासनाने महसूल खात्याची माणसे पाठवून या ग्रंथालयांची प्रत्यक्ष पडताळणी केली. त्या दिवशी नुसता अहवाल कामाचा नव्हता. दाखल नोंदवहीतले पुस्तक फडताळात आहे काय आणि देवघेवीच्या वहीत खऱ्या वाचकांची नावे आहेत काय, हेच पाहिले जावयाचे. ज्याची वही रोज लिहिली जाते त्याला पाहुणा केव्हाही चालतो.

आणि म्हणूनच एका मोहाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. मुदत उद्यावर आली की काही चिटणीस एका रात्रीत तीन वर्षांच्या सभा भरवितात. एकच लेखणी, एकच शाई, एकच हस्ताक्षर आणि छत्तीस इतिवृत्ते! “काम तर खरेच केले आहे, मग कागद मागाहून लिहिला तर काय बिघडले?” असे ते म्हणतात. बिघडते ते हे की एक कागद बनावट निघाला की उरलेले नव्व्याण्णव खरे कागदही त्याच्या पंक्तीला बसतात. खऱ्या कामाला खोटी साक्ष लावणे हा त्या कामाचाच अपमान आहे. ज्या सभेचे इतिवृत्त नाही तेथे ‘नाही’ असे लिहावे आणि आजपासून लिहू लागावे. अर्ज एखाद वेळ जाईल. नाव जाणार नाही.

पैसा मिळाला म्हणजे दप्तराचे काम संपले असेही नव्हे. कोणत्या कामासाठी घेतला आणि त्याच कामावर खर्च केला, असे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यासाठी प्रत्येक बिल आणि व्हाऊचर त्या त्या अनुदानाच्या वेगळ्या फाइलीत लावावे. पहिल्या अनुदानाचा चोख हिशेब ही दुसऱ्या अर्जाची सर्वांत भक्कम पुरवणी होय.

देणाऱ्यांनाही एक शब्द सांगितला पाहिजे. एकच दाखला तीन टेबलांनी तीनदा मागावा आणि एका शिक्क्यासाठी मेळघाटातल्या माणसाने घाट उतरून दिवस घालवावा, हे न्यायाचे नाही. साक्ष मागावी, साक्षीदाराला दमवू नये.

आणि आता आपणांस. या मंडपात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आहेत, वकील आहेत, हिशेबनीस आहेत. तीस-तीस वर्षे आपण दुसऱ्यांच्या फाइली तपासल्या. अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही दिशेला दहा कोस जा; एखादी बालवाडीची बाई किंवा वसतिगृहाचा गृहपाल आपल्याला असा भेटेल, की ज्याला मुले सांभाळता येतात पण ताळेबंद वाचता येत नाही. महिन्यातला एक रविवार त्याला द्या. त्याची इतिवृत्ते वाचा, पावतीपुस्तक मिळवून पाहा, नोंदणीची मुदत केव्हा संपते ते भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल शाईने लिहून ठेवा. पैसे देणारा दाता विरळा असतो. हे दान आपल्यापैकी कोणीही करू शकेल, आणि ते येत्या रविवारपासून.