विमा आमच्याकडे येत नाही

इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली अशा ठिकाणांहून लोक ऐकताहेत असं आयोजकांनी सांगितलं, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आजचा विषय विम्याचा असला तरी मी विम्यातला तज्ज्ञ नाही. बत्तीस वर्षं पायदळात काढली आणि निवृत्तीनंतर महूला घर केलं. आमच्याकडे जुने जवान येतात, त्यांच्या घरची माणसं येतात, पेन्शनचे अर्ज लिहून घेतात. त्या पेन्शनच्या कागदांमागोमाग विम्याचे कागद यायला लागले. मला जे कळलं, ते तिथूनच.

२०२२ च्या दिवाळीनंतर माझ्या जुन्या कंपनीतल्या एका हवालदाराची बायको आली. हवालदार निवृत्तीनंतर सिक्युरिटीची नोकरी करत होता. तो जानेवारी २०२१ मध्ये वारला, तेव्हापासून ती मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहत होती. त्याचा बारा लाखांचा आयुर्विमा होता. कंपनीने दावा नाकारला होता, कारण काय तर अर्ज भरताना रक्तदाब असल्याचं लपवलं. इंग्रजी पत्र एका पानाचं. ते पत्र तिने चौदा महिने ट्रंकेत ठेवलं होतं. मध्ये एकदा ती ते घेऊन कलेक्टर कचेरीत गेली. तिथल्या माणसाने पत्र उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "बाई, विमा आमच्याकडे येत नाही."

तिने मला विचारलं, "साहेब, सरकारकडे नाही येत तर कुणाकडे येतो?"

मला उत्तर देता आलं नाही. फौजेत असताना या प्रश्नाची गरजच पडत नाही. पगारातून आर्मी ग्रुप इन्शुरन्सची कपात होते, १९७६ पासून ही व्यवस्था आहे. जवान गेला की पार्ट टू ऑर्डरपासूनचा सगळा कागद पलटणच हलवते. मी स्वतः असे कागद सहीला घेतलेत. घरच्यांनी दोन-तीन ठिकाणी सह्या करायच्या, बँकेचं पासबुक दाखवायचं. गणवेश उतरला की तोच माणूस साधा ग्राहक होतो आणि त्याच्या मागे पलटण नसते.

तर कचेरीतला तो माणूस खरं बोलला का? अर्धं खरं बोलला. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची जी यादी आहे, तिच्यात ४७ व्या क्रमांकावर विमा आहे. विम्याचा मूळ कायदा १९३८ चा. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आलं, त्याचं मुख्यालय हैदराबादला. कंपनीला परवाना देणं, तिच्या तिजोरीत पुरेसा पैसा आहे की नाही बघणं, पॉलिसीच्या अटींना मर्यादा घालणं, हे सगळं तिथे होतं. मुंबईत, भोपाळमध्ये किंवा बंगळुरात बसलेल्या राज्य सरकारला कंपनीचा परवाना रद्द करता येत नाही आणि हप्ता कमी करा असंही सांगता येत नाही.

सगळ्या देशांत असं नाही. अमेरिकेत विमा हा राज्यांचा कारभार आहे. १९४५ मध्ये तिथल्या संसदेने तसा कायदाच केला. कॅलिफोर्नियात तर १९८८ च्या जनमतानंतर विमा आयुक्त लोकच निवडून देतात, आणि गाडीचा किंवा घराचा विमा महाग करायचा असेल तर कंपनीला आधी त्याची मंजुरी घ्यावी लागते. वणवा लागून आणीबाणी जाहीर झाली की त्या भागातल्या घरांचा विमा वर्षभर बंद करायला मनाई होते. आमच्या नात्यातली एक मुलगी तिकडे असते, ती सांगते की या धाकामुळे काही कंपन्यांनी नवीन घरांचे विमे घेणंच थांबवलं. म्हणजे तिथेही सगळं आलबेल नाही. पण दार कुठे ठोठवायचं, हे तिला माहीत आहे.

आपल्याकडे राज्याच्या हातात परवाना नसला तरी दुसरं काहीतरी आहे. मला ते कळायला महिना लागला, तुम्हाला पाच मिनिटांत सांगतो.

विमा ही सेवा आहे आणि हप्ता भरणारा ग्राहक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात ग्राहक आयोग असतो, आणि तो स्थापन करण्याची जबाबदारी राज्य सरकारची आहे. अध्यक्ष आणि सदस्य नेमायचे राज्याने, कारकून द्यायचे राज्याने, खोली आणि खुर्च्याही राज्यानेच. कायदा केंद्राचा, पण ज्या टेबलावर तुमचा कागद पडतो ते टेबल राज्याचं आहे. त्या बाईला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. कलेक्टर कचेरीपासून ते कार्यालय चालत दहा मिनिटांवर होतं.

या आयोगाबद्दलच्या तीन-चार गोष्टी घराबाहेर, परराज्यात राहणाऱ्यांना फार उपयोगी आहेत. पॉलिसी कुठेही घेतलेली असो, तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. हवालदाराची पॉलिसी महाराष्ट्रातली होती. एजंटाने बाईला सांगून ठेवलं होतं की तुम्हाला तिकडेच यावं लागेल. ते साफ चूक. दुसरं, कुठल्या पातळीच्या आयोगाकडे जायचं हे तुम्ही मोजलेल्या पैशांवरून ठरतं, विम्याच्या रकमेवरून नाही. भरलेला हप्ता पन्नास लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगच. म्हणजे एक कोटीच्या विम्याचं भांडणसुद्धा बहुधा तुमच्या जिल्ह्यातच चालेल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही पद्धत वैध ठरवली आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

दुसरं दार विमा लोकपालांचं. ती व्यवस्था केंद्राची. पुणे, मुंबई, भोपाळ, अहमदाबाद, हैदराबाद अशी त्यांची कार्यालयं आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट बघायची, मग लोकपालांकडे जायचं. तिथे वकील चालत नाही, फी नाही, पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देता येते. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. नकार मिळाल्यापासून एका वर्षात जावं लागतं. बाईचं वर्ष ट्रंकेत संपलं होतं. उशीर माफ करण्याचा अधिकार लोकपालांना आहे, पण निम्मी लढाई उशिराच्या खुलाशातच जाईल असं मला वाटलं आणि मी जिल्हा आयोगाचा रस्ता धरला. आज विचाराल तर तो निर्णय बरोबर होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. का, ते पुढे येईलच.

आधी प्रकरण सांगतो. विमा कायद्याचं ४५ वं कलम प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कंपनीला कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही. रक्तदाब लपवला असला तरीही नाही. २०१५ च्या दुरुस्तीपासून हा नियम इतका कडक झाला. हवालदाराची पॉलिसी जुलै २०१६ ची, मृत्यू जानेवारी २०२१ मध्ये. साडेचार वर्षं. मला वाटलं, दोन ओळींचं काम आहे.

कंपनीचं उत्तर आलं तेव्हा कळलं, ते दोन ओळींचं नव्हतं. त्यांचं म्हणणं, २०१८ चा हप्ता वेळेत आला नाही, पॉलिसी बंद पडली आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा चालू केली. पॉलिसी पुन्हा चालू केली की ४५ व्या कलमाची तीन वर्षं त्या दिवसापासून नव्याने मोजतात. हे कायद्यातच आहे, त्यात त्यांची चलाखी नाही. ऑगस्ट २०१८ ते जानेवारी २०२१ म्हणजे तीन वर्षांच्या आत. त्यामुळे शंका घ्यायला ते मोकळे.

आम्ही मग पासबुक काढलं. या बाईला अक्षर जेमतेम येतं, पण नवऱ्याची सगळी पासबुकं तिने रबर लावून ठेवली होती. हप्त्याची तारीख ५ जुलै, खात्यातून पैसे गेले २८ जुलैला. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. म्हणजे पॉलिसी कधी बंद पडलीच नव्हती. कंपनीने पैसे स्वतःच्या वहीत ऑगस्टमध्ये चढवले होते आणि त्यालाच नवी सुरुवात म्हटलं होतं. मुद्दाम केलं की कुणा कारकुनाच्या आळसाने झालं, ते मला आजही माहीत नाही. पण एका नोंदीवर बारा लाख अडले होते.

असं प्रकरण किती दिवसांत संपावं? कायदा म्हणतो, तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत. आमचं अडीच वर्षं चाललं. मधल्या काळात आयोगात पुरेसे सदस्य नव्हते. तारखेला जायचं, शिपाई सांगायचा की कोरम नाही, पुढची तारीख घ्यायची. बाई दर वेळी घरकामाचा एक दिवस बुडवून यायची. कंपनीचा वकील एकदाही तक्रार करत नसे, त्याला घाई कशाला असेल? इथे मला राग येतो, आणि तो विमा कंपनीपेक्षा राज्य सरकारवर जास्त येतो. हा आजार एका जिल्ह्याचा नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या ग्राहक आयोगांतल्या रिकाम्या जागांची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारांना खडसावलं. रिकामी खुर्ची ही कंपनीला मिळालेली बिनव्याजी मुदतवाढ असते. फौजेत चौकीवर माणूस नसेल तर कंपनी कमांडरला जाब विचारतात. इथे जाब कुणाला विचारायचा? आमदाराला विचारा. रस्ता आणि नळाबद्दल विचारतो तसंच, आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात किती जागा भरलेल्या आहेत ते विचारा. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता, आकडे महिन्याभरात हातात आले.

आता शेतीकडे येतो, कारण तिथे राज्य सरकार नुसतं टेबल देणारं नाही, स्वतः गिऱ्हाईक आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात आली. खरिपाला शेतकऱ्याने दोन टक्के भरायचे, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच. उरलेल्या हप्त्यात राज्य पैसे घालतं, निविदा राज्य काढतं, कोणती पिकं आणि कोणती मंडळं हे राज्य ठरवतं. गाऱ्हाण्यांची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. म्हणजे त्याच कचेरीत पिकाचा विमा 'येतो'.

गिऱ्हाईक जागरूक असेल तर काय करू शकतं, हे बीडने दाखवलं. २०२० मध्ये त्या जिल्ह्यासाठी कंपन्या पुढे येईनात. तेव्हा राज्याने सरकारी कृषी विमा कंपनीबरोबर वेगळा करार केला. भरपाई गोळा झालेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर कंपनीने सोसायची, त्यावर गेली तर राज्याने. उलट भरपाई कमी निघाली तर कंपनीने वीस टक्के ठेवून बाकीचे पैसे राज्याला परत करायचे. पाऊस चांगला झाला म्हणून कंपनीने गब्बर व्हायचं, हे थांबलं. मध्य प्रदेशासारख्या राज्यांनीही हा नमुना उचलला. आमच्या महूच्या आसपासचा सोयाबीनवाला त्याला 'बीडवाली योजना' म्हणतो, बीड नकाशात कुठे आहे हे त्याला ठाऊक नसलं तरी.

पण राज्य देतं तसं काढूनही घेतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आणला. बोगस अर्जांचा पाऊस पडला आणि २०२५ च्या खरिपापासून ती योजना गुंडाळून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आणली. गुजरात आणि तेलंगणाने २०२० मध्ये केंद्राच्या योजनेतून अंगच काढून घेतलं. त्यामुळे सीमेवरच्या मराठी शेतकऱ्याला माझी विनंती आहे. मामाच्या गावाला गारपिटीची भरपाई मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, असं धरून चालू नका. बहात्तर तासांत नुकसान कळवा, हे सगळीकडे सांगितलं जातं, पण ते संरक्षण तुमच्या राज्याने या हंगामात घेतलं आहे का, हे अधिसूचनेत बघावं लागतं. पेरणीआधी तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला विचारा.

रस्त्यावरच्या अपघाताचं थोडक्यात सांगतो. त्या भरपाईचं न्यायाधिकरणही राज्यच स्थापन करतं आणि त्याचा पाया पोलिसांच्या कागदांवर उभा असतो. पंचनाम्यात काय लिहिलं ते त्याच दिवशी वाचून घ्या.

बाईचा निकाल गेल्या वर्षी लागला. आयोगात नवीन सदस्य आले, तिसऱ्या तारखेला युक्तिवाद झाला. सदस्यांनी पासबुकाचं ते पान स्वतः हातात घेऊन वाचलं आणि कंपनीच्या वकिलाला एकच प्रश्न विचारला: "२८ जुलै हा दिवस तीस दिवसांच्या आत येतो की नाही?" बारा लाख, त्यावर व्याज आणि खर्च असा आदेश झाला. कंपनी अपिलात गेली नाही. पैसे आल्याचा फोन तिच्या मुलाने केला. बाई मागून त्याला सांगत होती, साहेबांना विचार, आता पासबुकं फेकली तर चालतील का.

मी म्हटलं, ठेवा अजून.

तर मंडळी, आता तुमचे प्रश्न घेतो. बडोद्याहून कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.