मळवलीचा छापखाना आणि साथीचं साल



घरात लक्ष्मी-सरस्वतीची जुनी तसबीर असेल, तर तिची खालची कड वाचा. तिथं बारीक अक्षरांत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं दिसलं, तर ती आपल्या मावळात छापलेली आहे. तळेगावला लोकल धरा. वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. तिथं तो छापखाना होता. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छपाई. कागद केसभर सरकला तरी देवीचा चेहरा बिघडायचा.

राजा रविवर्म्यांनी तो १८९४ साली मुंबईत सुरू केला होता. १८९६ मध्ये तिथं प्लेग आला. लोक गावाकडे पळाले, कामाला माणसं मिळेनात, कर्ज वाढलं. अखेर यंत्रं घाट चढून आपल्याकडे आली. आता कोरोनाचा मार्च २०२० आठवा. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही लहान होतात, पुढे मोबाइलवर शाळा भरायची. आणि मुंबई-पुण्याहून माणसं अशीच गावाकडे निघाली होती.

त्या काळचे 'केसरी'चे अंक ग्रंथालयात मिळाले तर जरूर चाळा. प्लेगच्या बातम्या, सक्तीच्या घरझडत्या आणि त्यावरचा संताप. घरचं माणूस उचलून नेतील या भीतीनं लोक रुग्ण लपवत. कोरोनातही ताप लपवणारी घरं आपण पाहिली. आणि साथीचा जो कायदा इंग्रजांनी १८९७ च्या फेब्रुवारीत केला, तोच २०२० मध्ये आपल्याकडे पुन्हा लागू झाला!

पण सगळं तसंच घडलं, असं मी म्हणणार नाही. पुण्यात तेव्हा गोरे सोजीर थेट घरात शिरले होते. आपल्या दारात आशाताई आल्या, ओळखीच्या, नावानं हाक मारणाऱ्या. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आणि त्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. आशाताईंची वाट त्यांच्यापासून सुरू होते, असं मी मानतो.

मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत बराचसा जळाला. उरलं ते घराघरांतल्या भिंतींवर. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत जुनी तसबीर, ट्रंकेत अंथरलेला पिवळा पेपर टाकण्याआधी आजीला विचारा: हे कधीचं, कुठून आणलं? ती सांगेल ते वहीत लिहा. चित्र काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका, तसंच राहू द्या. फोटो काढा आणि सोमवारी इतिहासाच्या सरांना दाखवा.